चिकटपट्टीवरचा आकडा

भास्कर ब्रदर,

मंगळवारी सकाळी कॅज्युअल्टीतून फोन आला, "मॅडम, लवकर खाली या." एवढंच. मी चहाचा कप हातात घेऊनच जिना उतरले. स्ट्रेचरवर कुणी पुरुष होता, शर्टाची बटणं तोडलेली. तुमचा चेहरा मला आधी दिसलाच नाही. खिशातला निळा मार्कर दिसला. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हा तर आपल्या ड्रेसिंग रूमचा मार्कर, या माणसाकडे कसा गेला?

तुम्ही द्वारका चौकात रिक्षाची वाट बघत उभे होतात म्हणे. डबा खाली ठेवलात, दुकानाच्या पायरीवर टेकलात आणि तिथेच आडवे झालात. ज्या रिक्षावाल्याने आणलं त्याने डबाही आठवणीने आणला. चाळीस मिनिटं आम्ही तुमची छाती दाबत होतो. तिसऱ्यांदा माझी पाळी आली तेव्हा कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने मला दंडाला धरून बाजूला केलं. डबा अजून कोमट होता. आज शुक्रवार आहे आणि मला अजूनही वाटतंय की काहीतरी घोटाळा झालाय, कुणीतरी चुकीच्या माणसाच्या नावावर कागद केलेत, आणि तुम्ही दारातून आत येऊन म्हणाल, "मॅडम, हात धुतले का?"

दहा वर्षं तुम्ही मला हा एकच प्रश्न विचारलात. मी या हॉस्पिटलची सर्जन आणि तुम्ही ड्रेसिंग रूमचे ब्रदर, पण हात धुतल्याची हजेरी मी तुम्हाला द्यायची.

मंगळवारी तुम्हाला खाली ठेवून मी वर आले तेव्हा ड्रेसिंग रूमबाहेर नेहमीची रांग बसली होती. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या पायावर, पाठीवर, पोटावर तुमची पट्टी, आणि पट्टीवर निळ्या शाईत तुमचं टपोरं अक्षर. वर तारीख. त्याखाली 'आत १', 'आत २', कुणाला 'आत ०'. आणि कोपऱ्यात 'भा.' माणूस खाली चादरीखाली होता आणि त्याचं अक्षर वर बाकावर बसून नंबर लागायची वाट बघत होतं. मी पहिल्या पेशंटला आत घेतलं, पट्टी वाचली, आणि त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. हातांनी काम केलं असणार.

बाहेरच्या माणसाला तो आकडा काय हे कळायचं नाही. पू झालेली खोल जखम वरून शिवत नाहीत. तिच्यात ओल्या गॉजच्या पट्ट्या भरतात, म्हणजे ती तळापासून भरत येते. दुसऱ्या ड्रेसिंगला त्या पट्ट्या बाहेर काढायच्या, धुवायचं आणि नव्या घालायच्या. जितक्या घातल्या तितक्या निघाल्या पाहिजेत. एक जरी आत राहिली तर वरून कातडी धरते, जखम दिसायला छान दिसते आणि आत सडत जाते. म्हणून तुम्ही आत किती पट्ट्या आहेत ते वरच्या चिकटपट्टीवर लिहायचात. केसपेपरवर लिहितो ना आपण, असं मी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "केसपेपर माणूस घरी विसरतो मॅडम. पाय नाही विसरत."

मी आले तेव्हा मुंबईच्या मोठ्या कॉलेजची डिग्री घेऊन आले होते आणि नाक बरंच वर होतं. पहिल्याच आठवड्यात एका माणसाच्या पोटरीवरचं सुकलेलं गॉज मी एका झटक्यात ओढलं. तो कळवळला. तुम्ही त्याच्यासमोर काही बोलला नाहीत. तो गेल्यावर ते गॉज चिमट्यात धरून माझ्यासमोर आणलंत. त्याला गुलाबी पापुद्रा चिकटला होता. "ही नवी कातडी होती. आठ दिवस लागले होते तिला यायला." मग सलाइनची बाटली दाखवलीत. "पाच मिनिटं भिजवायचं. मग ती आपणहून सुटती."

फेसाचं औषध, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, तर तुम्ही कपाटावर लपवूनच ठेवलंत. मला त्या फेसाचं समाधान वाटायचं, घाण निघाल्यासारखं. तुम्ही म्हणायचात, फेस बघणाऱ्याला बरा वाटतो, जखमेला लागतो. त्यावरून आपण भांडलो. मी वाचून तुम्हाला खोटं पाडायला बसले आणि तुम्हीच बरोबर निघालात. भरत आलेल्या जखमेला साधं सलाइन पुरतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारपासून फेसाची बाटली मागणं बंद केलं, तेवढंच. तुम्हाला कळलं असणार. तुम्ही गालात हसलात आणि दुसऱ्या पेशंटकडे वळलात.

लोक जखमेवर काय काय लावून यायचे. हळद, राख, तंबाखू, भाजल्यावर टूथपेस्ट. माझा पारा चढायचा. तुम्ही मात्र कधी कुणाला रागावला नाहीत. तुमच्या कळवणकडची एक म्हातारी दोन आठवडे ड्रेसिंगला येत होती, आणि एक दिवस पायाला काळा लेप थापून आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही तिच्या पायाशी बसलात आणि म्हणालात, "काय व्हयनं, माय?" काय झालं, एवढंच, पण तिच्या बोलीत. त्यावर ती बाई सगळं बोलली. कुणी सांगितलं, कधी लावलं, आधी काय टोचलं, साखरेच्या गोळ्या कधी सोडल्या. नंतर मला म्हणालात, "रागावलं की पुढच्या टायमाला लपवतात. मग आपण आंधळे." त्या दिवशी तुम्ही तिची चप्पल उचलून आत हात फिरवला आणि टाचेखाली वर आलेला खिळा काढून माझ्या हातावर ठेवलात. दोन आठवडे मी तिच्या जखमेकडे बघत होते. तिच्या चपलेकडे बघायचं मला सुचलं नव्हतं. साखरेच्या पेशंटला खिळा टोचलेला कळत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

आणि गॉज भरायचं. "मॅडम, लय घट्ट भरू नका. उशीत कापूस कोंबतात तसं नाय. अलगद. आणि शेपूट बाहेर ठेवा." शेपूट म्हणजे पट्टीचं टोक, दुसऱ्याला दिसावं म्हणून. मी घाईची. ऑपरेशनं रांगेत, खाली ओपीडी तुंबलेली. मी कोंबायचे. दहा वर्षांत माझी ही खोड गेली नाही, आणि तुमचं सांगणंही थांबलं नाही.

आता ते सांगते ज्यासाठी मी लिहायला बसले आहे.

मी इथे आले त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याला दोन महिने होते. शहराबाहेर झेंडूची शेती करणारे एक गणपतबाबा पाठीत मोठं गळू घेऊन आले. मी ते फोडलं, पू काढला, पोकळी भरली. दोन पट्ट्या घातल्या. एकीचं शेपूट बाहेर, दुसरी आत खोल कोंबलेली. कुठेही लिहिलं नाही. तुम्हाला जाता जाता म्हटलं, "भरलंय हो." तेव्हा पट्टीवर आकडा लिहायची पद्धत नव्हती. तिसऱ्या दिवशी तुम्ही ड्रेसिंग केलंत, शेपूट दिसलं ती पट्टी काढलीत, धुतलंत, नवी घातलीत. जखम सुंदर भरली. पाच आठवड्यांनी बाबा ताप घेऊन, थरथरत, दोघांच्या खांद्यावर हात टाकून परत आले. पाठ उघडली तेव्हा आत माझी ती दुसरी पट्टी निघाली, आणि जो वास आला तो मला अजून ओळखू येतो. बाबा वाचले. पण दसऱ्याला त्यांचे झेंडू दुसऱ्यांनी तोडले आणि बाबा आमच्या वॉर्डात पालथे पडून होते.

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. साहेब, मेट्रन, तुम्ही आणि मी. साहेबांनी विचारलं, ड्रेसिंग रूमची जबाबदारी कुणाची? तुम्ही म्हणालात, "माझी." मग साहेब माझ्याकडे वळले. "डॉक्टर, तुम्हाला काही सांगायचंय?" तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. मी म्हणाले, "नाही."

तुमचं इन्चार्जपद गेलं. आठ महिने तुम्ही वरच्या वॉर्डात होतात. परत आलात ते खिशात निळा मार्कर घेऊन. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलंत, जो भरेल त्याने पट्टीवर आकडा टाकायचा आणि खाली सही करायची. डॉक्टर असो की कुणी. सगळे करायला लागले. मी सोडून. सही तर सोडाच, कितीदा तरी आकडाही तुमच्यावर टाकून मी निघून जायचे. "मी काय पोस्टमन आहे का सह्या घ्यायला आणि द्यायला," असं मी म्हटल्याचं मला आठवतं. तुम्ही दर दोन-तीन महिन्यांनी तो विषय काढायचात आणि मी दर वेळी तो उडवून लावायचे. आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण ते. तुम्हाला वाटत असेल मला कमीपणा वाटतो. तसं नव्हतं. पट्टीवर सही करायला पेन टेकवलं की मला गणपतबाबांची पाठ दिसायची.

तुम्हाला माहीत होतं का? ती पट्टी माझी होती हे? की तुम्हाला खरंच वाटत होतं की तुमच्याच हातून काही राहिलं? हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजेच सांगणं होतं. रोज सकाळी आपण एका बेसिनवर हात धुवायचो.

काल शोकसभा झाली. हॉलमध्ये तुमचा फोटो, हार. पहिल्या रांगेत वंदनावहिनी आणि तुमची रेणुका, नर्सिंग कॉलेजचा पांढरा ड्रेस घालून. मेट्रन चांगलं बोलत होत्या. मनापासून बोलत होत्या. आणि बोलता बोलता म्हणाल्या, "बावीस वर्षांत ती एक चूक सोडली तर भास्करच्या हातून..." पुढचं मी ऐकलं नाही. रेणुकाने खाली घातलेली मान वर केली होती. तिला ते पहिल्यांदाच कळत होतं. तिने आईकडे बघितलं, आईने पदर तोंडाला लावला. मग माइक माझ्या हातात आला. आणि मी काय बोलले? तुमच्या वक्तशीरपणावर बोलले. चार मिनिटं. तुम्ही वेळेवर यायचात, तुमची टेबलं स्वच्छ असायची. मी स्वतःचा आवाज ऐकत होते आणि मला खरं वाटत नव्हतं की ही बाई दुसऱ्यांदा तेच करते आहे.

आज सकाळी हिराबाई आली.

तुमची सोमवारची सगळी ड्रेसिंग मंगळवार-बुधवारपर्यंत सुटली होती. एकच राहिलं होतं, हिराबाईचं. बुधवारी यायची ती आलीच नाही. सुरगाण्याची ती, इकडे द्राक्षबागेत कामाला आलेली. बागेतली तार मांडीत घुसून पू झालेला, वर साखर. फोन लागेना. दोन दिवस माझा जीव टांगणीला होता, की तुमची एक पट्टी कुठेतरी फिरते आहे आणि ती सोडणारं कुणी नाही. आज आली आणि म्हणाली, "भाच्याचं लगीन होतं, बाई. गावी गेल्ते. जीप नाय भेटली." मग खोलीभर नजर फिरवून, "भाऊ कुठं हाय?"

"रजेवर आहेत," मी म्हणाले. माझ्या तोंडून किती सहज खोटं निघतं.

मांडीवरची पट्टी कडेने सुटत आलेली, मळलेली, पण आकडा स्पष्ट होता. 'आत ३. भा.' मी सलाइन ओतलं, पाच मिनिटं थांबले. तुमच्यासाठीच थांबले. पहिली पट्टी निघाली, शेपूट बाहेर, अलगद घातलेली, तुमची. दुसरी थोडी आत, ती माझी. सोमवारी मी दोन ऑपरेशनांच्या मध्ये धावत येऊन जखमेचा आतला कप्पा बोटाने मोकळा केला होता, रक्त आलं म्हणून गॉज दाबलं आणि "बाकीचं बघा" म्हणून निघून गेले होते. मला चांगलं आठवत होतं, मी एकच घातली. तुमची एक, माझी एक. दोन निघाल्या. जखम रिकामी दिसत होती.

तीन का लिहिलं तुम्ही?

मी आकड्याकडे बघत उभी राहिले. सोमवारी तुम्ही डावा खांदा चोळत होतात. "भरून आलाय मॅडम, थंडीनं असंल," म्हणालात. मी म्हणाले, मलम लावा. सर्जन आहे मी, ब्रदर. मलम लावा म्हणाले. तर आज वाटलं, हा माणूस सोमवारीच बरा नव्हता, म्हणून मोजण्यात चुकला. बावीस वर्षांत एकदा. मी नवी पट्टी उचललीसुद्धा. हिराबाई म्हणाली, "काय झालं बाई? भाऊ कधी चुकत नाय."

मग मी ग्लोव्ह बदलून बोट आत घातलं. वर, जिकडून मी रक्त थांबवलं होतं तिकडे. काही नाही. थोडं आणखी वर, कडेच्या आतून. बोटाला खरखरीत लागलं. भिजवत भिजवत, थांबत थांबत, हिराबाईचा हात सिस्टरच्या हातात देऊन मी ती काढली. काळी पडलेली, घट्ट, गोळा झालेली. शेपूट नसलेली. वास यायला लागला होता.

कोंबलेली होती. तुम्ही आयुष्यात कधी गॉज कोंबलं नाहीत.

म्हणजे मी दोन घातल्या होत्या आणि मला एकच आठवत होती. आणि तुम्ही शेजारी उभे राहून माझे हात मोजत होतात. रक्त थांबू दे म्हणून माझ्या दोन्ही तुम्ही हलवल्या नाहीत, आपली एक वर ठेवलीत, तीन लिहिलंत आणि खाली तुमची सही केलीत. खांदा दुखत असताना. हे एका दिवसाचं नसणार. तुम्ही इतकी वर्षं माझे हात मोजत होतात, मी निघून गेल्यावर आकडा टाकत होतात, आणि ज्या पट्ट्यांवर माझी सही असायला हवी होती त्यांच्यावर तुमची होती. कधीपासून मोजायला लागलात हे मला आता विचारायची गरज नाही. गणपतबाबांची पाठ उघडली त्याच दिवशी, ती कोंबलेली, शेपूट नसलेली पट्टी कुणाची हे तुम्हाला कळलं होतं. केबिनमध्ये माझ्याकडे बघितलंत तेव्हाही माहीत होतं.

मला तुमचा राग आला, खरं सांगते. तिथेच, हातात ती घाण पट्टी घेऊन. बोलायचं होतं ना एकदा. ओरडायचं होतं माझ्यावर. मग राग ओसरला आणि मी स्टुलावर बसले आणि हिराबाईसमोर रडले. तिला सांगितलं, भाऊ रजेवर नाहीत. तिने ट्रेमधल्या मळक्या चिकटपट्टीकडे बोट केलं. मग म्हणाली, "त्यांनी लिवलेली ती पट्टी मला द्या." मी ती चिकटपट्टी कापून, पुसून तिला दिली. तिने ती पदराच्या गाठीत बांधली.

नवं ड्रेसिंग मी केलं. अलगद. दोन पट्ट्या, दोन्हींची शेपटं बाहेर. तुमचा मार्कर मंगळवारपासून माझ्या खिशात आहे. वर तारीख टाकली, 'आत २' लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव. हिराबाईने विचारलं, "कुणाचं नाव हे?" मी म्हणाले, "माझं."

दुपारी वंदनावहिनींना फोन केला. सगळं सांगितलं, गणपतबाबांपासून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय करू? पोरीसमोर सांगा. जिथं ऐकलं तिथंच."

उद्या महिन्याचा शेवटचा शनिवार, तुमचा वर्ग. कळवण, सुरगाणा, सगळीकडच्या आरोग्य केंद्रांच्या सिस्टर येतील, तुमच्याकडून ड्रेसिंग शिकायला. तुम्ही नाही हे त्यांच्यातल्या काहींना अजून माहीतही नसेल. मेट्रनना मी यायला सांगितलंय. रेणुका पहिल्या रांगेत असेल. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर मी हे सगळं वाचणार आहे, आणि मग त्यांना गॉज कसं भरायचं ते दाखवणार आहे, तुम्ही दाखवायचात तसं.

मला अजून खरं वाटत नाही की उद्या मागच्या बाकावर बसून तुम्ही ऐकत नसाल. पण एक काम मात्र माझं आहे आणि ते दहा वर्षं राहिलंय. गणपतबाबांच्या पाठीवरच्या पट्टीवर जे लिहायला हवं होतं ते आता, तुमच्याच मार्करने, इथे लिहिते.

आत २.

भरणारी, डॉ. अनघा.